वालीवची चमक आणि डोंगरावरचा काळोख

परत आल्यापासून आमच्या वसईत पारनाक्यावर जो भेटतो तो एकच विचारतो, "काय, तारे बघून आलात म्हणे?" त्याला काय सांगायचं? गेलो होतो वेधशाळेत, हे खरं. पण तिथे आमचा बहुतेक वेळ गेला तो काळ्या रंगाचा डबा शोधण्यात, आणि दुर्बिणीला डोळा लावायचा राहिला तो राहिलाच. तरी येताना मन इतकं हलकं झालं होतं, की गाडीत दामूने घोरून अख्खा डबा डोक्यावर घेतला तरी मी त्याला कोपराने ढोसलं नाही. एकेकाला नाक्यावर उभं राहून सांगण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकतो.

दामू म्हणजे दामोदर पाटील, जवळच्या गास गावचा. घरची भातशेती, तोंडलीचे मांडव, आणि हे सगळं भावाच्या गळ्यात घालून हा गडी लेथ चालवायला वालीवच्या कारखान्यांच्या वसाहतीत आला. तिथल्या शेडमध्ये आम्ही निम्मे निम्मे भागीदार. मी मूळचा देवरुखकडचा, मुंबईच्या कंपनीतली नोकरी सोडून या धंद्यात पडलो. नकाशे वाचणं, गिऱ्हाईक सांभाळणं आणि काळजी करणं ही माझी खाती. धातूला हात लावणं हे त्याचं.

आमच्या शेजारच्या नाईक मास्तरांची वैशाली दक्षिणेत एका डोंगरावरच्या वेधशाळेत संशोधन करते. दिवाळीला ती घरी आली ती पिशवीत एक पितळी वस्तू घेऊन. ताटलीएवढी चौकट, तिच्या पोटात किंचित फुगीर बैठक, वरून दाबायची कडी. सगळं काळंकुट्ट आणि एका अंगाला वाकलेलं. "काका, असा नवा होल्डर करून मिळेल का?" तिने विचारलं. आम्ही रिक्षाच्या भागांपासून बेकरीच्या साच्यांपर्यंत सगळं केलेलं. दुर्बिणीचं काय मोठंसं, असं वाटलं आणि हो म्हटलं.

मग कळलं काय मोठंसं ते. तिची दुर्बीण सर्वेक्षणाची. खोल एका ठिपक्यात बघण्यापेक्षा ही रुंद बघते, एका नजरेत आकाशाचा मोठा तुकडा. आकाशाचे असे तुकडे पाडायचे, प्रत्येकाचा काचेवर फोटो घ्यायचा, आणि त्यात दीर्घिका शोधायच्या. आपली आकाशगंगा जसं ताऱ्यांचं एक गाव, तशी दूरदूरची दुसरी गावं म्हणजे दीर्घिका. कुठे ती दाटीने वसलीत, कुठे ओसाडी आहे, हे वैशाली मांडत होती.

"म्हंजे तलाठ्याचं काम," दामू म्हणाला. "गट पाडायचे नि पीकपानी लिवायचं."

"अगदी तेच, दामूकाका," वैशाली हसून म्हणाली. "फक्त एक गट राहिलाय."

तो राहिलेला गट ययाती तारकासमूहाजवळचा, आणि नेमकी तिथेच दीर्घिकांची मोठी वस्ती. अडचण होल्डरची. या जातीच्या दुर्बिणीत चित्र सपाट पडत नाही, जरासं फुगीर पडतं. म्हणून पातळ काच होल्डरमध्ये दाबून तिला तेवढा बाक द्यावा लागतो. जुना होल्डर वाकल्याने काचेची एक बाजू धूसर यायची, आणि धूसर फोटोत तारा कोणता नि दीर्घिका कोणती ते कळत नाही. शिवाय तशा काचा आता मिळेनाशा झालेल्या. शीतपेटीत शेवटच्या दोन शिल्लक. उन्हाळ्यात त्या दुर्बिणीला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा बसणार होता. कॅमेरा चांगलाच, पण त्याला आकाश दिसणार रुमालाएवढं. तो बसायच्या आत हा तुकडा झाला नाही, तर वैशालीचं इतक्या वर्षांचं काम एका भोकासकट अपुरं राहणार होतं.

बैठकीच्या बाकाने आम्हाला दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रडवलं. शेवटी माप जमलं. वैशालीचा फोन आला, "काका, पार्सलने नको. तुम्ही दोघंच घेऊन या, इथे बसवावं लागेल. पण अमावास्येच्या आत या."

आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "पाडवा दोन पावलांवर आलाय. अमावास्येच्या तोंडावर कुणी नव्या कामाला हात घालतं का?"

"त्यांचा मुहूर्तच तो आहे," मी म्हटलं. मला तरी कुठे पटलं होतं?

डोंगराच्या पायथ्याशी

गाडीच्या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं एवढंच, की होल्डरची लाकडी पेटी दामूने मांडीवरून खाली ठेवली नाही. तिकीट तपासनिसाने पेटीत काय म्हणून विचारलं तेव्हा हा म्हणाला, "आकाश." मी घाईघाईने तिकिटं पुढे केली. पण तो भला माणूस हसला आणि पुढे गेला.

तमिळनाडूतल्या एका लहानशा स्टेशनावर पहाटे उतरलो. तिथून बस, आणि बसच्या थांब्यावर न्याहारी. इडल्या आपल्याकडेही मिळतात, पण केळीच्या पानावर समोर आलेली ती वाफाळती मऊ चीज आणि आपली इडली यांचं नातं दूरच्या चुलत्याइतकंच. कॉफी वाटी-पेल्यात. समोरचा मनुष्य ती हातभर उंचावरून या भांड्यातून त्या भांड्यात ओतत होता आणि थेंब सांडत नव्हता. दामूने तसं करून पाहिलं आणि शर्टाला कॉफी पाजली. हॉटेलवाल्याने न हसता दुसरा पेला भरून दिला, त्याचे पैसेही घेतले नाहीत. वसईत हसून घेतलं असतं आणि पैसेही घेतले असते.

न्यायला वेधशाळेची जीप घेऊन सेल्वम आला होता. तो दुर्बीण चालवणारा सहायक. सैन्यात असलेल्या भावाकडे राहून आल्यामुळे त्याला कामापुरतं हिंदी येत होतं. वाटेत चिंचेची झाडं, मग चढण, मग रानाची शांतता. "यहाँ रात को लाइट नहीं," सेल्वम अभिमानाने म्हणाला. डोंगरावर वस्त्यांना सांगून दिव्यांवर टोप्या बसवल्या होत्या, उजेड वर जाऊ नये म्हणून. आमच्याकडे नवी इमारत झाली की आधी हॅलोजन लागतो. इथे अंधार जपतात, हे मला नवलाचं वाटलं.

पेटी उघडली

अतिथीगृहात वैशाली वाट बघत होती. दामूच्या बायकोने तिच्यासाठी सुकेळी दिली होती, आपल्या वसईची वाळवलेली केळी, पानात बांधून. आणि त्याच पिशवीत, मला न सांगता, सुके बोंबील. खानावळ शुद्ध शाकाहारी. पिशवीचं तोंड उघडताच स्वयंपाक्याने खिडकी उघडली, मग दुसरी खिडकी उघडली, मग तो स्वतःच बाहेर जाऊन उभा राहिला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. वैशालीने मात्र पिशवीत नाक खुपसलं आणि डोळे मिटले. "किती दिवसांनी घरचा वास आला," ती म्हणाली. स्वयंपाक्याची समजूत सेल्वमने काढली, आणि बोंबील जीपमध्ये हद्दपार झाले.

जेवणं झाल्यावर पेटी उघडायचा समारंभ. वेधशाळेतले चार-पाच जण जमले. आमच्या वालीवची एक रीत सांगून ठेवतो. तिथे कुठलंही काम बफिंग करून चमकवल्याशिवाय शेडच्या बाहेर जात नाही. गिऱ्हाईक आधी चमक बघतं आणि मग माप. दामूने या होल्डरवर बफिंगच्या चाकाशी अशी मेहनत केली होती, की त्यात बघून दाढी करावी. त्याने वरचं फडकं काढलं. उन्हाची तिरीप पडली आणि छतावर सोन्याचा कवडसा नाचू लागला.

सगळे त्या कवडशाकडे बघत राहिले.

मला वाटलं, भारावले. वैशालीकडे पाहिलं तर पोरीचा चेहरा पांढराफटक.

"आवडला नाय?" दामूने विचारलं.

"दामूकाका, फार सुंदर आहे," ती हळू म्हणाली. "पण हा आतून काळा हवा होता."

तिने खिडक्या लावून घेतल्या, पदराखाली टॉर्च धरून होल्डरच्या आतल्या भिंतीवर प्रकाशाची एक बारीक रेघ सोडली. रेघ या भिंतीवरून त्या भिंतीवर, तिथून कडीवर, कडीवरून परत, अशी सगळीकडे उड्या मारत पसरली. "रात्रीच्या आकाशाच्या अंगचा उजेडसुद्धा असाच उड्या मारेल. ज्या दीर्घिका मला हव्यात त्या इतक्या मंद आहेत, की या उजेडात पुसून जातील."

माझा पारा चढला. "नकाशावर कुठे लिहिलंय काळा म्हणून? दहादा वाचलाय मी!"

"नाही लिहिलं," ती म्हणाली. "काका, काळा नसलेला होल्डर मी जन्मात पाहिला नाही. लिहायचं सुचलंच नाही. आणि जुना दिला होता ना नमुन्याला? तो काळाच होता."

दामू आणि मी एकमेकांकडे बघितलं. जुना काळा होता, हे आम्हालाही दिसलं होतं. पण पितळ काळं दिसलं की वसईत कुणाचाही हात चिंचेकडे जातो. समई असो, तांब्या असो, काळं पितळ म्हणजे आळशी घर. आम्हाला तो मळ वाटला होता.

"तो पुराने का रिंग लगा दो," सेल्वम मध्येच म्हणाला, "वो तो काला है."

दामूने मुकाट्याने पिशवीच्या तळातून दुसरं पुडकं काढलं. वैशालीला आश्चर्याचा धक्का म्हणून आणलेली भेट. जुना होल्डर चिंचेने घासून, बफ करून, नव्याहून अधिक लखलखीत.

पहिल्यांदा सेल्वम हसला. मग वैशाली हसू लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं किती हसण्याचं होतं, कोण जाणे. अमावास्या चार दिवसांवर होती. त्यानंतर चांदणं सुरू, आणि ययाती तर रोज संध्याकाळी थोडा थोडा खाली सरकत मावळतीच्या उजेडात बुडायला निघालेला. मला इतकं कानकोंडं झालं होतं, की मी उगाच पेटीचे खिळे मोजत बसलो.

गावातले रंग

वेधशाळेच्या कोठारात मंद काळ्या रंगाचा डबा होता, पण आत रंगाचा दगड झालेला. सेल्वम आम्हाला जीपने डोंगराखालच्या गावात घेऊन गेला. तिथल्या दुकानात काळा रंग मिळाला, लोखंडी फाटकांना लावायचा. दुकानदाराने झाकण काढून मोठ्या कौतुकाने दाखवला. बोटाला लावून उन्हात धरलं तर नवरदेवाच्या बुटासारखा चकचकीत. दुसऱ्या दुकानात तेच. मंद, निस्तेज, मेलेला काळा रंग द्या, असं म्हटल्यावर लोक आमच्याकडे संशयाने बघायला लागले. चमकेची हौस फक्त वालीवलाच नाही, एवढं समाधान पदरात पडलं.

चहाच्या टपरीवर आम्ही बसलो होतो. समोर शाळा सुटत होती. दामू तिकडे बघत होता. एकदम म्हणाला, "आमच्या गासच्या शाळेत फळा खिडकीला लागून होता. नवा होता तवा कडेच्या बाकावरनं कायच दिसायचं नाय, निसती चमक. मग गुर्जींनी रंग बदलला."

"बरं मग?"

"मग काय? फळ्याचा रंग मंदच असतो की. चमकला तर पोरं वाचतील कशी?"

मी चहा तसाच ठेवून उठलो.

मुख्याध्यापिकाबाई कांजीवरमी काठाची साधी सुती साडी नेसलेल्या, डोक्यात मोगरा, आणि आवाजात जरब. त्यांनी सेल्वमचं सगळं ऐकून घेतलं. फळ्याच्या रंगाचा डबा त्यांच्याकडे होता, सुट्टीत फळे रंगवायला ठेवलेला. द्यायला त्यांची ना नव्हती, पण एक अट घातली. सातवीचा वर्ग नाटकाच्या तालमीसाठी मागे थांबला होता, त्या मुलांना हे लोक डोंगरावर काय करतात ते आधी सांगा. वेधशाळा मुलांच्या डोक्यावर उभी आहे, पण तिथून खाली येऊन कुणी कधी सांगितलं नाही, असं त्या म्हणाल्या. सेल्वमने मान खाली घातली.

सांगायला मी पुढे होणार, तोच दामूने खडू उचलला. त्याने फळ्यावर चौकटी आखल्या, शेताच्या बांधांसारख्या. प्रत्येक चौकटीत ठिपके. मधली एक चौकट रिकामी ठेवली. "हे आकाश. हे त्याचे गट. इतके मोजून झाले. हा एकच राहिला, नि तो आमच्यामुळं अडलाय." तो बोलत होता गासच्या बोलीत आणि सेल्वम तमिळ करत होता. पण मुलं बघत होती ती रिकाम्या चौकटीकडे. मागच्या बाकावरची एक मुलगी उठून काहीतरी म्हणाली आणि वर्ग हसला.

"क्या बोली?" मी विचारलं.

"बोलती है, रंग ले जाओ और जल्दी जाओ."

बाईंनी डबा दिला. पैसे घेतले नाहीत. उरलेला रंग परत आणून द्या, एवढंच म्हणाल्या, फळ्यांना लागणार आहे.

चमक उतरली

दुसऱ्या दिवशी अतिथीगृहाच्या पायरीवर दामू एमरी पेपर, म्हणजे घासायचा खरखरीत कागद, घेऊन बसला. गुळगुळीत पितळावर रंग धरत नाही, आधी ते खरखरीत करायला हवं. मी म्हटलं, अर्धं मी घासतो. "हात लावू नको," तो म्हणाला. "मी चढवली, मीच उतरवनार."

बफिंगच्या चाकाशी त्याने त्या चौकटीवर किती संध्याकाळी घालवल्या, ते मी पाहिलं होतं. आता तोच हात कागद फिरवत होता आणि सोनेरी भिंत राखेसारखी निस्तेज होत चालली होती. मला बघवेना. मी आत जाऊन निष्कारण पाणी प्यालो. त्याच्या कामावर मी इतकी वर्षं टीका करत आलो, त्या दिवशी मात्र मला त्याच्याबद्दल फार वाईट वाटलं.

आतल्या भिंती नि कडी घासून झाल्यावर त्याने विचारलं, "पोरी, बाहेरचं काय? बाहेर उजेड जातो?"

"बाहेर नाही. पण घुमटात चकाकी नको म्हणून सगळंच काळं करतो आम्ही."

"खालच्या कोपऱ्यात, अंगठ्याएवढं चमकतं ठेवू? नजर लागू नये म्हनून पोराला तीट लावतात. ह्याला उलटी तीट."

वैशालीने जरा विचार केला. "ठेवा, दामूकाका. तेवढं चालेल."

रंग लावला. डोंगरावरच्या उन्हात तो दुपारपर्यंत वाळला. आता टॉर्चची रेघ भिंतीवर पडली की तिथेच मरायची. काळोखाचा मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

संध्याकाळी घुमट उघडला. लोखंडी पाकळ्या घरघरत बाजूला झाल्या आणि मावळतीचं आकाश आत आलं. दुर्बीण जाडजूड, उखळी तोफेसारखी. दामूने तिला प्रदक्षिणा घातली. "डोळा लावायला भोकच नाय?"

"नाही. हिच्यात काच बघते, माणूस नाही."

"म्हंजे एवढ्या लांबून आलो ते काय बघायला?"

तिने उत्तर द्यायच्या आत डार्करूममध्ये जावं लागलं. तिथे मिणमिणता दिवादेखील चालत नाही. आम्ही दाराबाहेर कान देऊन उभे. आत कडी बसवल्याचा आवाज, मग स्क्रूचा, आणि मग एक बारीकसा आवाज आला. कट्.

काच फुटली होती. दोनातली एक गेली.

वैशालीने बाहेर येऊन होल्डर दामूपुढे धरला. दामूने होल्डर उजेडात घेतला आणि कडीच्या आतून बोट फिरवलं. खोबणीत रंगाचा ओघळ उतरून तिथेच सुकला होता. तेवढ्या जाडीने काच एका बाजूला अडली आणि दाबताना गेली. "रंग माझा, चूक माझी," तो म्हणाला. मी म्हटलं, "आपली." त्या संध्याकाळी ययाती आमच्या डोळ्यांदेखत डोंगरामागे गेला आणि आम्ही चिंचेचा भात चावत बसलो. चव कुणालाच लागली नाही.

शेवटची काच

पुढचा दिवस दामूने खोबण खरवडण्यात घालवला. शीतपेटीतल्या काचेला हात लावायची कुणाची छाती नव्हती, म्हणून जीपच्या जुन्या आरशाची मागची पातळ पट्टी, खिडकीच्या काचेचे तुकडे, असं काय काय दाबून पाहिलं. दुपारनंतर ढग आले. सेल्वम दर थोड्या वेळाने गच्चीवर जाऊन येई आणि मान हलवी. वैशाली एकदा म्हणाली, "काका, नाही झालं तरी तुम्ही वाईट वाटून घेऊ नका हं." ती असं म्हणाली म्हणून तर मला जास्तच वाईट वाटलं. नाईक मास्तरांना तोंड कसं दाखवायचं, याची वाक्यं मी मनात जुळवून ठेवली होती.

सूर्य गेला आणि ढग डोंगराच्या पलीकडे ओसरले. सेल्वम धावतच आला, "मॅडम, क्लियर!"

पुन्हा डार्करूम, पुन्हा आम्ही दाराबाहेर. आत स्क्रू फिरत होते, इतके सावकाश की मला एकेक आटा मोजता येत होता. दामूने डोळे मिटले होते. गासची ग्रामदेवता, रस्त्यातल्या चर्चची माउली, दोघींनाही त्याने साकडं घातलं, हे त्याने मागाहून कबूल केलं. आवाज आला नाही. दार उघडलं. वैशाली होल्डर छातीशी धरून बाहेर आली. "बसली," ती म्हणाली.

होल्डर दुर्बिणीच्या पोटात गेला, झडप उघडली. त्यानंतर बघण्यासारखं काहीच नसतं. वैशाली शेजारच्या लहान दुर्बिणीतून एका ताऱ्यावर नजर रोवून, हातातली बटणं दाबत, तारा जागचा सरकू नये म्हणून बसली होती. आम्ही अंधारात भिंतीला टेकून. दामू कानात म्हणाला, "आता आत काय होतंय?"

"उजेड पडतोय काचेवर."

"किती जुना म्हनाली ती?"

"माणूस व्हायच्या आधी निघालेला."

"आनि आपल्यामुळं गेला असता वाया," तो म्हणाला.

काच धुऊन, वाळवून, सकाळी खालून दिवा असलेल्या टेबलावर ठेवली. सगळं उलटं. आकाश दुधासारखं पांढरं, त्यावर तारे म्हणजे काळे ठिपके. वैशालीने भिंग लावलं. एका कडेपासून ती सुरू झाली. मधोमध आली. तिथून दुसऱ्या कडेला, जिथे जुना होल्डर दगा द्यायचा. कडेला पोचली, तिथेच थांबली, आणि भिंग न उचलता तिने हात मागे करून माझा हात पकडला.

"काका, कडेपर्यंत स्वच्छ आहे."

तिने आम्हाला बघायला लावलं. भिंगाखाली ताऱ्यांचे ठिपके कसे गरगरीत, रेखीव. आणि त्यांच्या मधोमध लहान लहान पुसट लांबट डाग, तांदळाच्या कण्यांसारखे, दाटीने पसरलेले. एकेक कणी म्हणजे ताऱ्यांचं एकेक गाव. दामूने बराच वेळ पाहिलं. "काळं ते चांगलं, अमावास्या चांगली, डाग चांगला," तो म्हणाला. "इथं सगळंच आपल्या उलट." मग चष्मा काढून त्याने शर्टाच्या टोकाने पुसला. मीही पुसला. माझ्या चष्म्यावर काही नव्हतं.

उरलेला रंग शाळेत परत द्यायला गेलो. दामूची चौकट फळ्यावर तशीच होती. बाईंनी ती पुसू दिली नव्हती. दामूने खडू घेतला आणि मधल्या रिकाम्या जागेत ठिपके भरले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. वैशाली या वेळी सोबत होती. घुमटाच्या पाकळ्या उघडताना बघायला वर या, असं तिने वर्गाला आमंत्रण दिलं.

वसई

पाडव्याच्या सकाळी घरी पोचलो. सौभाग्यवती ओट्याशी उभ्या राहून गुढीचा तांब्या चिंचेने घासत होत्या. मी त्या लखलखीत तांब्याकडे असा बघत राहिलो, की त्यांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काही नाही. छान दिसतोय."

दामू गुढी उभारून गासहून तासाभरात आला, नाईक मास्तरांना पेढे द्यायला. आम्ही तिथेच असताना वैशालीचा फोन आला. वडिलांशी बोलून झाल्यावर तिने दामूला मागितलं. दामूने रिसीव्हर असा धरला, की मलाही ऐकू येत होतं.

"दामूकाका, एक सांगायचं राहिलं. डार्करूममध्ये पूर्ण अंधार असतो ना, होल्डरची वरची बाजू कोणती ते कधी कळायचं नाही. जुन्याच्या वेळी मी कितीदा चाचपडायची. त्या रात्री शेवटची काच भरताना माझा अंगठा आपोआप तुमच्या त्या गुळगुळीत ठिपक्यावर पडला. तिथून मला सगळी दिशा कळली. तो नसता तर मी पुन्हा चाचपडले असते आणि ही काचही गेली असती."

रिसीव्हर माझ्या हातात देऊन दामू मास्तरांच्या ओटीवर जाऊन उभा राहिला. मी बाहेर गेलो तेव्हा तो उन्हात हात धरून स्वतःचा अंगठा बघत होता. नखाच्या कडेला फळ्याचा काळा रंग अजून होता, आणि सणाचा दिवस असून त्याने तो घासून काढला नव्हता.